माती सुधारताना या चुका टाळा

शेतात पाणी साचतं, ढेकळं फुटत नाहीत, खत देऊनही पीक पिवळं राहतं. असं झालं की मातीत काय घालायचं हाच प्रश्न पहिला विचारला जातो. त्याआधी मातीत काय आहे ते बघायला हवं. चांगल्या मातीत आकारमानाने साधारण ४५ टक्के खनिज कण आणि जेमतेम ५ टक्के सेंद्रिय पदार्थ असतात. उरलेला निम्मा भाग पोकळ्यांचा. त्यांत पाणी आणि हवा राहते. जमीन बिघडली असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा या पोकळ्या मोडलेल्या असतात, आणि उपाय मात्र भलत्याच गोष्टीवर चालू असतो.

भारी जमिनीत वाळू टाकणं

एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचं वजन सुमारे २,००० टन भरतं. त्यात १०० टन वाळू ओतली तरी ती ५ टक्केच. एवढ्याने चिकणमाती मोकळी होत नाही. उलट चिकणमातीचे ०.००२ मिलिमीटरहून बारीक कण वाळूच्या फटींत जाऊन बसतात आणि वाळल्यावर जमीन आणखी कठीण होऊ शकते. वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचं प्रमाण जमिनीला निसर्गाने दिलेलं आहे, ते बदलायच्या मागे लागू नका. कणांची आपसांतली जुळणी मात्र नक्की बदलता येते. कुजलेलं खत, मुळांतून पाझरणारे पदार्थ आणि बुरशीचे धागे कणांना बांधून रवाळ दाणे तयार करतात. पैसा आणि कष्ट तिथे लावा.

ही जुळणी घरच्या घरी तपासता येते. सुपारीएवढं कोरडं ढेकूळ काचेच्या पेल्यातल्या पाण्यात अलगद सोडा. ते टिकलं तर जुळणी चांगली. लगेच ढासळून तळाशी पसरलं तर सेंद्रिय पदार्थ कमी पडतोय. आणि पाणी तासन् तास दुधासारखं गढूळच राहिलं तर सोडियम वाढल्याची शंका घ्या.

वाफसा न बघता यंत्र घालणं

वाफसा म्हणजे जमिनीतली ओल मशागतीजोगी होणं. त्याआधी ओल्या जमिनीत ट्रॅक्टर फिरला की पोकळ्या दाबल्या जातात. दरवर्षी एकाच खोलीवर नांगरट केली तर नांगराच्या तळाखाली कठीण थर बसतो. वरून भुसभुशीत दिसणाऱ्या रानात पाणी का साचतं, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. ओल असताना लोखंडी सळई जमिनीत खुपसा. ती ठरावीक खोलीवर अडत असेल आणि उपटलेल्या झाडांची मुळं तिथूनच आडवी वळलेली असतील, तर थर आहे. तो जमीन कोरडी असताना खोल फोडावा आणि नंतर तुरीसारखं खोल मुळांचं पीक घ्यावं. फोडलेल्या रानात पुन्हा ओल्यात यंत्र घातलं तर सगळं वाया जातं.

जमीन उघडी ठेवणं

ही चूक मला सगळ्यांत घातक वाटते. पावसाचे थेंब उघड्या मातीवर आदळून दाणे फोडतात, बारीक कण छिद्रं बुजवतात आणि वर पापडी धरते. मग उगवण विरळ झाली की दोष बियाण्याला दिला जातो. पाणी मुरत नाही म्हणून ते वाहतं आणि माती घेऊन जातं. हेक्टरभर रानातून फक्त १ मिलिमीटर थर गेला तरी सुमारे १३ टन माती गेलेली असते, आणि डोळ्यांना ते कळतही नाही. घळ पडलेली दिसली की लोक घळीतच दगड रचू लागतात. काम उताराच्या माथ्यापासून सुरू करा: उताराला आडवी मशागत आणि पेरणी, बांधावर गवत, जादा पाण्याला सांडवा, दोन ओळींत काडीकचऱ्याचं आच्छादन.

तो काडीकचरा जाळणं म्हणजे मातीचं अन्न जाळणं. पण ताजा भुसा पेरणीच्या तोंडावर मातीत गाडणंही चूकच, कारण तो कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि कोवळं पीक पिवळं पडतं. पेरणीच्या बरंच आधी गाडा, नाहीतर वरच राहू द्या.

पांढरं दिसलं की जिप्सम

जिप्सम म्हणजे जमीन सुधारायला वापरतात ते कॅल्शियमचं खनिज. पण वर पांढरा थर येणारी क्षारयुक्त जमीन वेगळी आणि सोडियम वाढलेली, सामू (पीएच) ८.५ च्या वर गेलेली, पाणी न मुरणारी चोपण जमीन वेगळी. पहिलीला चर काढून चांगल्या पाण्याने क्षार धुवावे लागतात, जिप्समने तिचं काम होत नाही. दुसरीला जिप्सम उपयोगी पडतं, पण सुटलेलं सोडियम बाहेर जायला निचरा हवाच. कोणती जमीन आहे हे परीक्षणातून कळतं. नमुना बांधाजवळून, झाडाखालून किंवा खत दिल्यावर लगेच घेऊ नका. रानात नागमोडी फिरत अनेक ठिकाणी १५ ते २० सेंटिमीटरपर्यंतची माती काढा, एकत्र मिसळून त्यातली अर्धा किलो पाठवा. हलकं आणि भारी रान असेल तर दोन नमुने वेगळे ठेवा.