जर्मनीत शिकायला येताय आणि टेनिस सोडायचं नाहीये? मग हे वाचा

बॅगेचं वजन 23 किलोच्या वर गेलं की सगळ्यात आधी बाहेर निघते ती रॅकेट. कुकर राहतो, मेतकूट राहतं, गोडा मसाला तर राहतोच, आणि रॅकेटकडं बघून घरचे म्हणतात "तिकडं शिकायला चाललीयस ना". माझं कळकळीचं सांगणं आहे, बाकी काहीही काढा पण रॅकेट काढू नका. दोन रॅकेट, ग्रिपची पाकिटं आणि स्ट्रिंगचे तीन-चार सेट, कारण इथं गटिंगची, म्हणजे रॅकेटला स्ट्रिंग बसवायची, नुसती मजुरीच पंधरा-वीस युरो होते आणि स्ट्रिंगचे पैसे वेगळे. रॅकेट चेक-इन बॅगेतच टाका, केबिनमध्ये न्यायला गेलात तर सिक्युरिटीवाले अडवू शकतात.

मी सांगलीची. नऊ वर्षांची होते तेव्हापासून मुरुमाच्या कोर्टावर खेळतेय, शाळेत, गल्लीत, नातेवाइकांत सगळीकडं माझी ओळख "ती टेनिसवाली" अशीच. मास्टर्सला स्टुटगार्टला आले आणि पहिले दोन महिने माझी ओळख काय, तर मॅट्रिकल नंबर (युनिव्हर्सिटीचा विद्यार्थी क्रमांक), व्हिसाची तारीख, ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) आणि "इंडियाहून आलेली नवीन मुलगी". कोणी वाईट वागलं असं अजिबात नाही, पण आपण कोण आहोत हे या अख्ख्या शहरात एकाही माणसाला माहीत नाही ही गोष्ट रात्री खोलीत एकटं असताना फार आत लागते. माझं ते हरवलेलं मला कोर्टावर परत सापडलं, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय, कारण मला हे सगळं सांगणारं कोणी नव्हतं आणि माझं जवळजवळ अर्धं वर्ष त्यात गेलं.

आधी एक समजून घ्या, जर्मनीत खेळ कॉलेजात नसतो, क्लबात असतो. आपल्याकडं कसं युनिव्हर्सिटीची टीम, मग इंटर-युनिव्हर्सिटी, तसं डोक्यात धरून येऊ नका. अमेरिकेची गोष्ट वेगळी, तिथं कॉलेजच्या टीमला मोठा मान असतो, आपली श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली आणि नंतर 2023 ला हांगचौच्या एशियन गेम्समध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सचं गोल्ड जिंकली. तुम्ही त्या लेव्हलला असाल आणि स्कॉलरशिप पाहिजे असेल तर तिकडंच बघा. पण माझ्यासारखे असाल, म्हणजे जिल्हा पातळी, फार तर स्टेटला एखादी राउंड, आणि खेळाशिवाय राहवत नाही, तर जर्मनीसारखा देश नाही. इथल्या टेनिस फेडरेशनचे 14 लाखांहून जास्त सभासद आहेत. बोरिस बेकर लाइमेनचा आणि श्टेफी ग्राफ ब्र्यूलची, दोन्ही गावं छोटी आणि आमच्याच राज्यातली. पाच-सहा हजार वस्तीच्या गावातसुद्धा लाल मातीची चार कोर्टं आणि एक क्लबहाउस असतं. या क्लबला इथं फेराइन म्हणतात, हा शब्द पाठच करा.

आता टायमिंगचा घोळ. आपण येतो सप्टेंबर-ऑक्टोबरला, आणि नेमकी तेव्हाच मातीची कोर्टं बंद व्हायला लागतात, ती उघडतात थेट एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात. मी ऑक्टोबरमध्ये क्लब शोधत गेले, जाळ्या काढलेल्या बघितल्या आणि इथं काही होत नाही असं धरून परत आले, ही माझी मोठी चूक. हिवाळ्यात दोन मार्ग असतात. एक म्हणजे युनिव्हर्सिटीचं हॉखशूलश्पोर्ट, म्हणजे सेमिस्टरभराचे स्वस्त स्पोर्ट्स कोर्सेस, पण बुकिंग ऑनलाइन उघडतं आणि टेनिसच्या जागा काही मिनिटांत संपतात, त्यामुळं तारीख आणि वेळ आधीच बघून ठेवा आणि लॉगिन करून बसा. दुसरा म्हणजे हॉल, म्हणजे छताखालची कोर्टं. पूर्ण हिवाळ्यासाठी आठवड्यातला एक ठरलेला तास घ्यायचा, त्याला आबो म्हणतात, एकट्याला परवडत नाही पण चौघांत वाटला तर जमतं. रविवारी रात्रीचे तास जरा स्वस्त असतात.

हॉलवरून बूट आठवले, आणि हे नीट वाचा कारण यात गुडघा जातो. इथल्या बऱ्याच हॉलमध्ये खाली कार्पेट असतं. त्यावर आपले नेहमीचे खाचांचे बूट घातले की पाय जागच्या जागी रुततो आणि शरीर पुढं जातं. कार्पेटसाठी एकदम गुळगुळीत सोलचे वेगळे बूट मिळतात, तेच घ्यायचे. बाहेरच्या लाल मातीसाठी हेरिंगबोन सोल, म्हणजे खाली आडव्या नागमोडी खाचा असलेले. भारतातून ऑलकोर्टचे आणले असतील तर मातीवर पहिला सीझन निघून जाईल, कार्पेटवर मात्र नाही. आणि मातीवर वापरलेले बूट घेऊन हॉलमध्ये कधीही जायचं नाही.

क्लब कसा निवडायचा? मोठा, नावाजलेला, कोर्टांची लाइन लागलेला बघू नका. खोलीपासून सायकलनं पंधरा मिनिटांच्या आत जो असेल तो. मी आधी लांबच्या एका क्लबात जायचा विचार करत होते, दोन ट्रेन बदलून, बरं झालं नाही गेले, लेक्चर संपवून तेवढं लांब कोणी जात नाही. जानेवारी-फेब्रुवारीमध्ये मेल टाका, जर्मनमध्येच, मोडकं चालेल. त्यात एवढंच लिहायचं की मी स्टुडंट आहे, इतकी वर्षं खेळतेय, टीममध्ये खेळायला आवडेल आणि एकदा प्रोबेट्रेनिंगला म्हणजे ट्रायलला येऊ का. टीमचा उल्लेख नक्की करा, बऱ्याच क्लबांना तरुण खेळाडू कमी पडत असतात. स्टुडंटची वर्षाची फी खूप ठिकाणी दीडशे-दोनशे युरोच्या आत असते, पहिल्या वर्षी श्नुपर नावाची स्वस्त मेंबरशिप आहे का हे आपणहून विचारा. एकदा फी भरली की सीझनभर कोर्टाचे तासाला पैसे नाहीत, बोर्डावर किंवा अॅपवर नाव लावायचं आणि खेळायचं.

सही करायच्या आधी दोन गोष्टी विचारा. मेंबरशिप कधीपर्यंत लेखी कॅन्सल करावी लागते, कारण ती तारीख चुकली की पुढच्या वर्षाची फी आपोआप लागते. आणि वर्षाला कामाचे तास किती. हो, क्लबात प्रत्येकानं काही तास काम करायचं असतं, नाही केलं तर तासाच्या हिशेबानं पैसे कापतात. हे तास पैसे भरून टाळू नका. मार्च-एप्रिलमध्ये कोर्टं तयार करायचा दिवस असतो, हिवाळ्यात मेलेली वरची माती खरवडून काढायची, एका कोर्टाला साधारण दोन टन नवीन विटांची पूड पसरायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. माझ्या पहिल्या वर्षी तो दिवस नेमका शनिवारी आलेल्या पाडव्याला होता. सकाळी खोलीच्या खिडकीत पट्टीला ओढणी बांधून गुढी उभारली, साखर ठेवली, आईला व्हिडिओवर दाखवली, आणि दहा वाजता ढकलगाडी घेऊन कोर्टावर. दुपारपर्यंत हात, मोजे, केस सगळं लाल. त्या एका दिवसात जितक्या लोकांशी बोलले तितकं आधीच्या सहा महिन्यांत बोलले नव्हते. हातात फावडं असलं की भाषा फार लागत नाही.

मातीच्या कोर्टाचे नियम पाळलेत तर लोक तुम्हाला लगेच आपलं मानतील. कोरडं असेल तर खेळायच्या आधी पाणी मारायचं. खेळून झाल्यावर खड्डे पायानं दाबायचे, मग मोठी जाळी ओढत बाहेरून आत गोल गोल पूर्ण कोर्ट, नुसत्या लाइनच्या आतलं नाही, आणि शेवटी ब्रशनं लाइन्स साफ. हे तुमच्या तासाच्या आतच बसवायचं, पुढचे लोक येऊन उभे राहिल्यावर नाही.

टीममध्ये खेळायचं तर क्लबला जानेवारी-फेब्रुवारीतच सांगून ठेवा, कारण नावं सीझनच्या खूप आधी जातात. तुम्हाला एलके नावाचा नंबर मिळतो, 25 पासून सुरू होतो आणि जिंकत गेलात की खाली येतो, 1 म्हणजे सगळ्यात वरचे. भारतात कितीही खेळला असाल तरी बहुतेक वेळा सुरुवात 25 नंच होते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तो आकडा तुमच्या आधीच्या वर्षांबद्दल काहीच सांगत नाही. मॅचेस मे ते जुलै, बहुतेक वीकेंडला, आधी सिंगल्स मग डबल्स, सेट एक-एक झाला की तिसऱ्याऐवजी दहा पॉइंटचा टायब्रेक. अंपायर नसतो. आपल्या बाजूचा कॉल आपण द्यायचा, आउट असेल तर "आउस", शंका आली तर जाऊन मातीवरचा ठसा दाखवायचा, आणि ठरल्याशिवाय पुसायचा नाही. स्कोअर जर्मनमध्ये म्हणायला शिका, ड्यूसला "आइनश्टांड", अॅडव्हांटेजला "फोरटाइल". असे दहा-बारा शब्द आले की पुरतं, आणि खरं सांगते, माझं बोलायचं जर्मन क्लासपेक्षा जास्त डबल्समध्ये सुधारलं.

जुलै म्हणजे परीक्षा पण. कॅप्टनला एप्रिलमध्येच तारखा देऊन टाका, तीन मॅचेस येईन दोन नाही, असं स्पष्ट. इथं आधी नाही म्हटलेलं चालतं, आदल्या रात्री म्हटलेलं चालत नाही.

मॅच संपली की घरी पळू नका. यजमान टीम पाहुण्यांना जेवायला घालते, सगळे एका टेबलावर, दोन तास आरामात. तुम्ही व्हेज असाल तर पहिल्याच दिवशी कॅप्टनला सांगा, मांस नाही मासे नाही असं दोन्ही सांगा, नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून गप्प बसू नका. बिअर घ्यायलाच पाहिजे असं अजिबात नाही, आप्फेलशोर्ले म्हणजे सोडा घातलेला सफरचंदाचा ज्यूस मागवा, कोणी दुसऱ्यांदा विचारत पण नाही. आपल्या टीमची घरची मॅच असली की प्रत्येकानं काहीतरी करून आणायचं असतं, मी बटाटेवडे नेले आणि सोबत सुकी चटणी. मुद्दाम "इंडियन फूड" म्हणून काही सजवून नेलं नव्हतं, सांगलीत पाहुणे आले असते तर जे केलं असतं तेच.

"डू" म्हणजे "तू", याचं मला फार जड गेलं. युनिव्हर्सिटीत प्रोफेसरला "झी" म्हणजे "तुम्ही", आणि क्लबात सत्तर वर्षांच्या आजोबांना नुसत्या नावानं हाक मारून "तू". आपल्या तोंडात काका, आजोबा आपोआप येतं, ते गिळून नाव घेताना मला आपण उद्धट झालोय असं वाटायचं. मग लक्षात आलं की ते मला बरोबरीची समजतायत आणि मी "झी" म्हटलं की मीच त्यांना लांब ठेवतेय. तेव्हापासून "तू" म्हणते, पण जाळी ओढायला त्यांच्या हातातून आधी मी घेते. आपला मान द्यायचा मार्ग तसाच ठेवता येतो, फक्त तो शब्दातून हातात येतो.

नावाचं पण तसंच. माझ्या नावात "ज्ञ" आहे. पहिल्या महिन्यात मी स्वतःच एक छोटं, सोपं नाव सांगायला लागले होते. टीम शीटवर ते छोटं नाव छापून आलेलं बघितलं आणि ते कोणा दुसऱ्याच मुलीचं वाटलं. पुढच्या ट्रेनिंगला पूर्ण नाव सांगितलं, हळू, तीनदा. आठवड्याभरात सगळे नीट म्हणायला लागले, "ज्ञ" थोडा वाकडा पण प्रेमानं. तुम्हाला छोटं नाव मनापासून आवडत असेल तर ठेवा, पण समोरच्याला त्रास नको म्हणून स्वतःचं नाव कापू नका. गावाचं नाव पण सांगा. मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून सिस्टर सिटी आहेत त्यामुळं मुंबई ओळखीची असते, सांगली मी हळदीपासून सुरू करून सांगते. 2025 ला इथंच जर्मनीत, ऱ्हाइन-रूरच्या वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्समध्ये पुण्याच्या वैष्णवी आडकरनं सिंगल्सचं ब्राँझ जिंकलं तेव्हा मी अख्ख्या टीमला पकडून पकडून सांगितलं.

पैशाचं एक. क्लबात लहान मुलांना शिकवशील का असं विचारतात, मोह होतो. स्टुडंट परमिटवर वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम चालतं, पण ते नोकरी म्हणून. फ्रीलान्स कोचिंग म्हणजे सेल्फ-एम्प्लॉयमेंट, त्याला फॉरेनर्स ऑफिसची वेगळी परवानगी लागते, त्यामुळं आधी क्लबला विचारा की मला कामावर ठेवणार का फ्रीलान्स, आणि लेखी घ्या.

एप्रिलमध्ये स्टुटगार्टला बायकांची मोठी टूर्नामेंट असते, हॉलच्या आत पण लाल मातीवर, सुरुवातीच्या दिवसांची तिकिटं काढून एकदा जाऊन याच, खेळाडूंचं मातीवरचं सरकणं जवळून बघितलं की आपलं पण सुधारतं.

आणि शिक्षण संपून दुसऱ्या शहरात नोकरी लागली तर एलके तुमच्याबरोबर येतो, फक्त क्लब बदलायचा असतो. मी बदलला, पण जुन्या क्लबात पॅसिव्ह, म्हणजे न खेळणारी, मेंबर म्हणून नाव ठेवलंय, वर्षाला थोडेसे पैसे लागतात. मार्च आला की माती पसरायच्या दिवसाचा मेल मला अजून येतो, खाली कॅप्टननं लिहिलेलं असतं, वडे आणशील का.