गर्भपाताच्या कागदावर सही कोणाची? कायदेशीर आणि सुरक्षित गर्भपातासाठी मार्गदर्शन

पाळी चुकली आणि घरच्या तपासणीत दोन रेघा उमटल्या, की सर्वांत आधी शेवटच्या पाळीचा पहिला दिवस आठवून तो कुठेतरी लिहून ठेवावा. बहुतेक स्त्रिया संबंध आला त्या दिवसापासून मोजतात आणि तिथेच दोन आठवड्यांची गफलत होते. डॉक्टर आणि कायदा हे दोघेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजत असल्यामुळे, ज्या दिवशी पाळी यायला हवी होती आणि आली नाही, त्या दिवशी हिशेबाने चार आठवडे भरलेले असतात. पुढचे सारे या आकड्यावर अवलंबून आहे. गोळ्यांनी होणारा गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत करता येतो, वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, वीस ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान दोघांचे लागते आणि त्यानंतरची वाट फार अरुंद होते. तालुक्याच्या ठिकाणी मुलींसोबत आणि सुनांसोबत दवाखान्याच्या पायऱ्या चढण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. कायद्याने अडवलेल्या स्त्रिया मला थोड्याच भेटल्या. ‘कोणाला सांगू’ या विचारात महिना घालवून आलेल्या पुष्कळ भेटल्या.

‘पण गर्भपात करणे गुन्हा आहे ना?’ हा प्रश्न शिकलेल्या स्त्रियाही विचारतात, आणि त्यामागचे कारण प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर लावलेले असते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. तो कायदा १९८८ साली झाला आणि केंद्राचा १९९४ साली. मुलीचा गर्भ पाडण्याच्या प्रथेविरुद्धची ती लढाई आवश्यक होती आणि आजही आहे, परंतु त्या मोहिमेतला ‘भ्रूणहत्या’ हा शब्द लोकांच्या मनात इतका घट्ट बसला, की कुठलाही गर्भपात म्हणजे हत्या आणि म्हणून गुन्हा, अशी समजूत होऊन बसली. वस्तुस्थिती अशी की लिंग तपासणे गुन्हा आहे, आणि नको असलेले गर्भारपण कायद्याच्या चौकटीत संपवणे १ एप्रिल १९७२ पासून कायदेशीर आहे. हे दोन वेगळे कायदे आहेत, आणि दवाखान्यात कोणी त्यांची सरमिसळ केली तर शांतपणे तसे सांगावे.

मात्र कायद्याची रचना कशी आहे हेही नीट समजून घ्यावे, कारण डॉक्टरांसमोर काय बोलायचे ते त्यावरून ठरते. ज्या समितीच्या अहवालावरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा (इंग्रजीतले लघुरूप ‘एमटीपी’) आला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे त्या वेळी महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. त्या कायद्याने स्त्रीला ‘मागितला की मिळेल’ असा हक्क दिला नाही. ठरावीक कारणांसाठी आणि ठरावीक जागी गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला फौजदारी कायद्यापासून संरक्षण दिले. ही त्याची मोठी उणीव आहे, असे माझे ठाम मत आहे. आजही या चौकटीबाहेरचा गर्भपात भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ खाली गुन्हा ठरतो. म्हणून नुसते ‘मला नको आहे’ एवढ्यावर थांबू नये, आपले खरे कारण सांगावे. जिवाला धोका, शरीराच्या किंवा मनाच्या आरोग्याला गंभीर इजा, बलात्कारातून राहिलेला गर्भ, गर्भातील गंभीर व्यंग ही कारणे कायद्यात आहेतच. शिवाय वापरलेले गर्भनिरोधक निकामी ठरले असेल, तर त्या नकोशा गर्भारपणाचा मनस्ताप हीच मानसिक आरोग्याला गंभीर इजा, असे वीस आठवड्यांपर्यंत कायदा गृहीत धरतो. मनाच्या आरोग्याचा विचार करताना स्त्रीची प्रत्यक्ष परिस्थिती पाहण्याची मुभाही डॉक्टरांना आहे. त्यामुळे निरोध फाटला, गोळी चुकली, नोकरी सुटली, नवरा मारहाण करतो, परीक्षा तोंडावर आहे, यांपैकी जे खरे असेल ते संकोच न करता बोलावे. सबब म्हणून ते बोलायचे नाही. कायद्याने जो विचार डॉक्टरांना करायला सांगितला आहे, त्याचा तो आधार आहे.

आता जायचे कुठे, हे पाहू. सरकारी रुग्णालय किंवा शासनाने मान्यता दिलेले खासगी केंद्र, या दोनच जागा कायद्याला मान्य आहेत. खासगी केंद्राला मिळालेले मान्यतेचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. आत शिरल्यावर ती चौकट शोधावी, दिसली नाही तर ‘तुमचे एमटीपी केंद्राचे प्रमाणपत्र कुठे आहे?’ असे विचारावे, आणि उत्तर टाळले गेले तर तिथून निघावे. फक्त गोळ्या द्यायच्या असतील तर पात्र डॉक्टर आपल्या साध्या दवाखान्यातूनही त्या देऊ शकतात, मात्र गरज पडल्यास रुग्णाला नेता येईल अशा मान्यताप्राप्त केंद्राशी त्यांची सोय लावलेली असली पाहिजे. डॉक्टर राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे नोंदलेले आणि स्त्रीरोगातील अनुभव किंवा गर्भपाताचे प्रशिक्षण असलेले हवेत. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीच्या डॉक्टरांना ही परवानगी नाही, मग गावात त्यांचे नाव कितीही मोठे असो.

गोळ्या थेट औषधांच्या दुकानातून आणण्याची पद्धत किती पसरली आहे, याचा अंदाज एका अभ्यासातून येतो. मुंबईतील देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागाने झालेल्या त्या अभ्यासानुसार २०१५ साली देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांपैकी ७३ टक्के दवाखान्याबाहेर गोळ्या घेऊन झाले. दुकानातून गोळ्या आणणाऱ्या स्त्रीला दोष देण्याचा मला अधिकार नाही, कारण दवाखान्यात तिला काय ऐकून घ्यावे लागते ते मी पाहिले आहे. तरीही तपासणीवाचून गोळ्या घेऊ नका असेच मी सांगेन. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला असेल, तर या गोळ्यांनी तो पडत नाही, नळी फुटते आणि पोटात रक्तस्राव होऊन जिवावर बेतते. दिवस मोजण्यात चूक झाली असेल तर गर्भपात अर्धवट राहू शकतो. दम्याचा किंवा रक्त न गोठण्याचा विकार, अंगातले कमी रक्त, आरएच निगेटिव्ह रक्तगट, आधीचे सिझेरियन या गोष्टी डॉक्टरांना आधी ठाऊक असाव्या लागतात.

सोनोग्राफीला गेल्यावर एक फॉर्म भरून घेतात, त्याला ‘फॉर्म एफ’ म्हणतात. अनेक मुली या फॉर्मवर येऊन अडखळतात, कारण समोरचा कर्मचारी ‘मिस्टरांचे नाव सांगा’ म्हणून पेन उचलून बसलेला असतो. त्या रकान्यात पतीबरोबरच वडील किंवा आई यांचाही पर्याय छापलेला आहे, तेव्हा आईचे नाव लिहायला सांगावे.

सहीच्या प्रश्नावर मला जास्त वेळ थांबायचे आहे. एका रुग्णालयात, ज्याचे नाव मी इथे लिहीत नाही, चौतीस वर्षांच्या, दोन मुलांच्या आईला नोंदणीच्या खिडकीवरून तीनदा परत पाठवण्यात आले. पहिल्यांदा नवऱ्याची सही हवी म्हणून, दुसऱ्यांदा नवरा समक्ष हवा म्हणून, तिसऱ्यांदा ‘सासूबाईंना तरी घेऊन या’ म्हणून. तिचा नवरा ट्रकवर होता, आसामकडे गेलेला. चौथ्यांदा मी सोबत गेले तेव्हा तिच्या पिशवीत नवऱ्याचे आधार कार्ड, शिधापत्रिका आणि लग्नपत्रिका असे तिन्ही प्लास्टिकच्या कागदात घडी घालून ठेवलेले होते, आणि त्यांपैकी एकाचीही कायद्याने गरज नव्हती. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, मानसिक आजार नसलेल्या स्त्रीच्या गर्भपाताला फक्त तिची स्वतःची लेखी संमती लागते. ‘फॉर्म सी’ नावाच्या कागदावर तिची एकटीची सही असते. नवरा, जोडीदार, वडील, सासू यांच्यासाठी कायद्याने तिथे जागाच ठेवलेली नाही.

म्हणून हे वाक्य पाठ करून जावे: ‘मी सज्ञान आहे, फॉर्म सी वर माझी सही पुरेशी आहे, आणखी कोणाची सही हवी असेल तर तसे कारणासह लेखी द्या.’ आवाज चढवायची गरज पडत नाही. ‘लेखी द्या’ म्हटल्यावर खिडकीपलीकडचा सूर बहुतेक वेळा बदलतो. नाहीच बदलला, तर थेट वैद्यकीय अधीक्षकांना भेटावे, नंतर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करावी, किंवा १८१ या महिला मदतवाणीवर बोलावे. नाव फुटण्याची धास्ती असते, त्यावरही कायदा स्पष्ट आहे. २०२१ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५-अ नुसार, गर्भपात करवून घेतलेल्या स्त्रीचे नाव व तपशील कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कोणालाही सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सासरी फोन करून ‘तुमची सून आली होती’ असे सांगणे या कलमाच्या विरुद्ध आहे.

लग्न न झालेल्या स्त्रीसाठी कायदा उशिरा, पण निश्चितपणे बदलला. गर्भनिरोधक निकामी ठरण्याच्या तरतुदीत पूर्वी ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ असे शब्द होते, ते २०२१ साली ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे झाले. वीस ते चोवीस आठवड्यांची सवलत मात्र नियमांत नमूद केलेल्या गटांनाच होती: लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रिया, अल्पवयीन मुली, गर्भारपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंगत्व किंवा मानसिक आजार असलेल्या, गर्भात गंभीर व्यंग आढळलेल्या, आपत्तीत सापडलेल्या. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाच्या निकालात सांगितले, की अविवाहित स्त्रीला या सवलतीतून वगळणे समानतेच्या तत्त्वाला धरून नाही. त्याच निकालात, नवऱ्याने बळजबरी केली असेल तर या कायद्यापुरता तोही बलात्कारच धरावा, असेही स्पष्ट केले. फौजदारी कायद्यात वैवाहिक बलात्कार आजही गुन्हा नाही, त्यामुळे या वाक्याचे मोल मोठे आहे. अशा वेळी पोलिसांत तक्रार नोंदवलेली असण्याची अट गर्भपातासाठी नाही.

मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर पालकाची लेखी संमती लागते. इथे पालक म्हणजे आईवडीलच, असे नाही. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे तिचा सांभाळ करणारी व्यक्ती पालक ठरते, म्हणजे आजी किंवा मावशीही चालेल. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यामुळे डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते, आणि त्या भीतीने कितीतरी मुली आडवाटेला लागतात. मुलगी आणि तिचे पालक यांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना तिचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील देण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या त्याच निकालात म्हटले आहे. ही विनंती डॉक्टरांकडे स्पष्ट शब्दांत करावी.

प्रत्यक्ष गर्भपाताविषयी थोडक्यात सांगते. गोळ्यांमध्ये पहिले औषध पहिल्या दिवशी आणि दुसरे साधारण दोन दिवसांनी देतात. दुसऱ्या औषधानंतर काही तासांत पाळीपेक्षा जास्त कळा आणि रक्तस्राव होतो, म्हणून तो दिवस सुट्टीचा आणि सोबतीला कोणी असेल असा निवडावा. पंधराव्या दिवशीची तपासणी चुकवू नये. दिवस जास्त असतील किंवा गोळ्या नको असतील, तर बारा-चौदा आठवड्यांपर्यंत गर्भ शोषून घेऊन पिशवी रिकामी करण्याची पद्धत सुरक्षित आहे. जुन्या पद्धतीने पिशवी खरवडण्याऐवजी हीच पद्धत वापरावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ‘क्युरेटिन करू’ असे कोणी म्हटले तर त्याऐवजी ही पद्धत उपलब्ध आहे का, हे जरूर विचारावे.

सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, चोवीस तासांहून अधिक ताप असेल, स्रावाला दुर्गंधी येत असेल, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, किंवा दुसऱ्या गोळीनंतर रक्तस्राव मुळीच झाला नसेल, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. गोळ्या कोणी, कुठून आणल्या होत्या हे सांगायची भीती वाटली तरी जावेच, आणि कोणत्या गोळ्या किती घेतल्या ते डॉक्टरांना खरे सांगावे.

चोवीस आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग आढळले, तर वैद्यकीय मंडळाकडे अर्ज करता येतो. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचे असते आणि परवानगी मिळाल्यास अर्जापासून पाच दिवसांत गर्भपात व्हायला हवा. मंडळाने नकार दिला किंवा कारण वेगळे असले, तर उच्च न्यायालयाचा मार्ग उरतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. २००८ साली गर्भवती निकेता मेहता आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात मागितलेली परवानगी नाकारली गेली होती. जानेवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने, मंडळाचे मत विरोधात असतानाही, गर्भात गंभीर व्यंग असलेल्या बत्तीस आठवड्यांपुढील गर्भवतीला परवानगी दिली आणि निर्णय तिचा आहे, मंडळाचा नव्हे, असे सांगितले.

गर्भपातानंतर आठ-दहा दिवसांतच पुन्हा गर्भ राहू शकतो, म्हणून गर्भनिरोधकाचे त्याच भेटीत बोलून घ्यावे. परंतु ‘तांबी बसवलीत तरच गर्भपात करू’ किंवा ‘ऑपरेशन करून घ्या’ अशी अट कोणालाही घालता येत नाही. नोकरी करणाऱ्या स्त्रीने डॉक्टरांकडून प्रमाणपत्र मागून घ्यावे. पूर्वी मातृत्व लाभ कायद्याच्या कलम ९ मध्ये असलेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ६५ मध्ये आलेल्या तरतुदीनुसार, ही संहिता लागू असलेल्या आस्थापनेत कायदेशीर गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. अर्जात ‘वैद्यकीय कारणास्तव, कलम ६५ खाली’ एवढे लिहावे, आणि प्रमाणपत्र बंद पाकिटात घालून, वर ‘गोपनीय’ असे लिहून, आस्थापना विभागाच्या प्रमुखाच्याच हातात द्यावे.