फुप्फुस ट्रान्सप्लांट: डॉक्टरांनी नाव काढलं की कामाला लागा

आमच्या बाबांना आयएलडी, म्हणजे फुप्फुसं कडक होत जातात तो आजार. पहिल्यांदा ट्रान्सप्लांट ऐकलं तेव्हा आम्ही म्हटलं बघू नंतर, अजून चालतायत की. हेच करू नका. पेशंट अंथरुणाला खिळला, अंगातलं मांस गेलं की सर्जनच नको म्हणतात, म्हणून घरी ऑक्सिजनचं मशीन यायच्या आधीच ट्रान्सप्लांट सेंटरला एकदा दाखवून या, दाखवलं म्हणजे लगेच ऑपरेशन होत नाही.

तिथे सहा मिनिटं चालवून बघतात, पीएफटी (फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायची टेस्ट), सीटी, हार्टची तपासणी, रक्ताच्या ढीगभर टेस्ट. दात आधीच दाखवा, किडका दात म्हणजे नंतर इन्फेक्शनला आमंत्रण. फ्लू, न्यूमोनिया, हिपॅटायटिस बी च्या लसी डॉक्टरांना विचारून आधीच उरका. सिगारेट-तंबाखू निदान सहा महिने बंद हवी, आणि रक्त-लघवीत निकोटिन सापडतं बरं का, लपवून उपयोग नाही.

नाव हॉस्पिटलच नोंदवतं, आपल्याकडे महाराष्ट्रात झेडटीसीसीमार्फत, म्हणजे अवयव वाटपाची विभागीय समिती (मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर). २०२३ पासून राज्याच्या रहिवासाची अट काढलीय, त्यामुळे चेन्नई-हैदराबादलाही नोंदवता येतं. अवयवदात्याशी रक्तगट जुळला तरी छातीचं मापही जुळावं लागतं, म्हणून उंची विचारतात. दात्याचं फुप्फुस बाहेर काढल्यावर टिकतं जेमतेम सहा-आठ तास, त्यामुळे सेंटरच्या जवळ राहा, फोन सायलेंटवर नको, बॅग भरलेली ठेवा. आणि कॉल आला, धावतपळत पोचलो, आणि फुप्फुस चांगलं नाही म्हणून परत पाठवलं, असंही होतं, पुष्कळदा होतं. मन घट्ट करून ठेवा.

वाट बघताना रोज फिजिओ, ऑक्सिजन लावून का होईना चालायचंच.

ऑपरेशनच्या खर्चाबरोबर नंतरच्या गोळ्यांचाही हिशोब मांडा कारण त्या जन्मभर असतात. टॅक्रोलिमस (शरीराने नवं फुप्फुस नाकारू नये म्हणूनची गोळी) दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने. रक्तातली तिची लेव्हल तपासायची असेल त्या सकाळी रक्त देईपर्यंत गोळी घ्यायची नाही, हे भल्याभल्यांचं चुकतं. ग्रेपफ्रूट, पपनस बंद. कबुतरांची विष्ठा फुप्फुसांना वाईट, म्हणून कबुतरांना दाणे टाकणारे शेजारी असतील तर गॅलरीला जाळी लावाच.

किती वर्षं मिळतात हे सगळेच विचारतात, जगभरात साधारण निम्मे पेशंट सहा वर्षांच्या पुढे जातात. घरी छोटा स्पायरोमीटर (फुंकर मोजायचं यंत्र) ठेवून रोज फुंकायचं, आकडा दहा टक्क्यांनी उतरला की ताप नसला तरी त्याच दिवशी सेंटरला फोन.