धडा पुन्हा वाचण्याआधी पुस्तक मिटून आठवावा

परीक्षा जवळ आली की यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यांतील अनेक मुले एकच धडा मोठ्याने चार-चार वेळा वाचतात. त्यापेक्षा तो एकदा नीट वाचून, पुस्तक मिटून, आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहावे आणि मगच काय राहिले ते पुस्तकात पाहावे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, परंतु आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना स्पष्टपणे मागे टाकले. ओळखीच्या ओळी डोळ्यांखालून गेल्या की सारे पाठ झाल्यासारखे वाटते, आणि हा भास फार फसवा आहे.

लिहिणे जड जात असेल तर मुलाने आजीला किंवा धाकट्या भावंडाला धडा वऱ्हाडीत सांगावा. मेळघाटात कोरकूत सांगितला तरी चालेल. पुस्तकी शब्द सोडून सांगताना आपण कुठे अडतो ते लगेच कळते. अशा वेळी मोठ्यांनी घाईने उत्तर पुरवू नये, कारण आठवण्याची ती धडपडच उपयोगाची असते. दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने हेच करावे.