लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्यांवर फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी) कशी न्यावी (ब्रिटिश कोलंबिया)

कॅनडाच्या या प्रांतात जंगलात शिरणारे हजारो किलोमीटर कच्चे रस्ते आहेत. नकाशावर नावापुढे 'एफएसआर', म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिस रोड, लिहिलेलं दिसेल. ते ओंडके वाहायला बांधलेले आहेत. आपण तिथे उपरे, हे एकदा मान्य केलं की निम्मे नियम आपोआप कळतात.

आधी रस्ता चालू आहे की सोडलेला, ते तपासा. चालू रस्त्यावर ट्रकचालक आपण कुठे आहोत ते बोलायच्या रेडिओवरून एकमेकांना कळवतात. त्याच्या तोंडाशी पाटीवर या रेडिओचा चॅनल असतो आणि पुढे किलोमीटरच्या पाट्या लागतात. आकडा वाढत असेल तर 'अप', उतरत असेल तर 'डाउन'. रस्त्याचं नाव, किलोमीटर, दिशा आणि गाडी, एवढंच बोलायचं, गप्पा नकोत. या रेडिओला परवाना लागतो. तो नसेल तर रविवारी जा, पण तेव्हाही ट्रक येणारच नाही असं धरू नका. भरलेला ट्रक दिसला की तुम्हीच बाजूला व्हायचं.

खरी मजा आणि खरी फजिती सोडलेल्या रस्त्यावर. पावसाने रस्ता वाहून जाऊ नये म्हणून मोऱ्या काढून आडवे चर खणलेले असतात. प्रत्येक चरापाशी उतरून बघा. लो-रेंज (कमी वेग, जास्त ताकद देणारी गिअरची जोडणी), पहिला गिअर, आणि गाडी जरा तिरकी घालून एकेक चाक उतरवा. सरळ घातली तर बंपर समोरच्या काठात रुततो. फार तिरकी घातली तर दोन चाकं हवेत लटकतात. किनाऱ्याकडच्या भागात रस्ता सुटला की आधी आल्डर नावाचं झाड उगवतं. मधोमध मनगटाएवढी खोडं दिसली तर तिथून बऱ्याच वर्षांत गाडी गेलेली नाही, हे ओळखा. लाकडी पूल नुसता वरून पाहू नका. वरच्या खडीखाली ओंडके कुजलेले असू शकतात, म्हणून खाली वाकून बघा. शंका आली तर परत फिरा, पण गाडी वळवण्याइतकी जागा मागे कुठे होती ते लक्षात ठेवूनच पुढे गेलेलं बरं.

सोबत पूर्ण मापाची स्टेपनी, करवत, टो-पट्टा (अडकलेली गाडी ओढायचा), जास्तीचं पेट्रोल आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्या, कारण मोबाइलला रेंज नसते. कुठे जाताय आणि कधी परतणार, ते घरी सांगून निघा.

खडीवर टायरची हवा थोडी कमी केली तर पकड सुधारते. डांबरी रस्ता लागला की मात्र आधी हवा भरायचा कॉम्प्रेसर बाहेर काढून ती परत भरा. कमी हवेवर गाडी पळवली तर टायर तापून फुटतो.