सॉल्व्हर कुठलाही घ्या, आधी तुमचा एम दाखवा

ऑप्टिमायझेशनमध्ये, म्हणजे अटी पाळून सगळ्यात स्वस्त किंवा फायद्याचं उत्तर शोधण्यात, नव्याने येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठला सॉल्व्हर (हे उत्तर शोधणारं सॉफ्टवेअर) शिकू? कुठलाही शिका. विद्यार्थी असाल तर गुरोबीचं लायसन्स फुकट मिळतं. नसाल तर एडिंबरोचा हाय्ज सगळ्यांनाच खुला आहे. पायथनमधून चालवा, नाहीतर ज्युलिया भाषेतल्या जंप या पॅकेजमधून. त्यावरून वाद घालणाऱ्यांना बहुधा डेडलाइन नसते.

माझे महिने खाल्ले ते बिग-एमने, म्हणजे हो-नाहीचा निर्णय अटीत बांधायला वापरतात त्या मोठ्या आकड्याने. गोदाम उघडायचं की नाही यासाठी वाय हे शून्य-एकचं चल, आणि अट अशी की माल एम गुणिले वायपेक्षा जास्त नको. एम ‘पुरेसा मोठा’ घ्या, एवढं सांगून शिकवणारे पुढे सरकतात, मग पोरं दहा लाख ठोकून मोकळी. आता नीट बघा. वाय काटेकोर शून्य असावा अशी सॉल्व्हरची अपेक्षाच नसते; गुरोबीत ०.००००१ इतकी सूट डिफॉल्टच आहे. वाय ०.०००००९ असेल तरी तो पूर्णांकच धरला जातो. त्याला दहा लाखांनी गुणा: नऊ. म्हणजे बंद गोदामातून नऊ टन माल बाहेर! गोदाम उघडायचा खर्च ५० लाख असेल, तर हिशोबात धरले ४५ रुपये. वर ‘ऑप्टिमल’चा शिक्का, आणि छापताना दोन दशांश ठेवलेत तर वाय ०.०० दिसतो. शोधत बसा.

वेगाचीही वाट लागते. गोदामाची क्षमता ५०० टन आणि माल ४०० टन असेल, तर रिलॅक्सेशनमध्ये, म्हणजे वायला अपूर्णांकही चालवून घेतलेल्या सोप्या रूपात, वाय ०.०००४ वर भागतं. खर्चाची खालची मर्यादा तळाला जाते, शक्यतांचं झाड फुटत राहतं, ती मर्यादा आणि हातातलं उत्तर यांच्यातली गॅप हलत नाही. एमच्या जागी ५०० लिहा. वाय थेट ०.८. अशा वेळी पॅरामीटर ढवळायला सांगणारा गाइड भेटला तर हो म्हणा आणि आधी एम तपासा. मर्यादा खरंच माहीत नसेल तर इंडिकेटर कन्स्ट्रेंट वापरा, म्हणजे ‘वाय शून्य तर माल शून्य’ असं एमशिवाय थेट लिहा.

घाबरू नका, काळ चांगला आहे. १९४७चं सिम्प्लेक्स हे एलपी (रेषीय प्रश्न) सोडवायचं तंत्र अजून कामात आहे, कारण ब्रँच-अँड-बाउंडमध्ये, म्हणजे त्या फुटणाऱ्या झाडात, आधीच्या उत्तरापासून पुढे जायला ते फार सोयीचं. १९८४मध्ये आपल्या नरेंद्र करमरकरांनी इंटिरियर पॉइंटची, म्हणजे कडेकडेने न जाता आतून उत्तराकडे जायची, वाट मोकळी केली. आता गूगलमधून आलेली पीडीएलपी ही पद्धत आणि तिची भावंडं मॅट्रिक्सचे घटक पाडतच नाहीत, नुसते मॅट्रिक्स-व्हेक्टर गुणाकार करतात, म्हणून जीपीयूवर प्रचंड एलपी ओढतात. हे जरूर शिका. पण त्यांच्याकडून बरेचदा ०.०००१ इतकीच सापेक्ष अचूकता मागितली जाते, आणि दहा लाखांचा एम तिथे आणखी महागात पडतो.

एआयकडून मॉडेल लिहून घेणाऱ्यांनो, घ्या खुशाल. मात्र त्यातला प्रत्येक एम कुठल्या क्षमतेतून किंवा मागणीतून आला ते शेजारी कॉमेंटमध्ये लिहा, आणि वाय सहा दशांशांपर्यंत छापा.