कनेक्टिंग रॉडचा बोल्ट आवळताना तुटू नये म्हणून

इंजिन जोडताना पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा बोल्ट तुटला की दोष बहुधा बोल्टच्या पोलादाला दिला जातो. प्रत्यक्षात चूक बऱ्याचदा वंगणात किंवा जुनाच बोल्ट पुन्हा वापरण्यात असते. टॉर्क रेंचवर (फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, दाखवणाऱ्या पान्यावर) दिसणाऱ्या जोरापैकी सुमारे 90 टक्के जोर आटे आणि बोल्टच्या डोक्याखालचे घर्षण खाऊन टाकते, आणि उरलेल्या थोड्याशा जोरानेच बोल्ट ताणला जातो. त्यामुळे साध्या इंजिन ऑइलसाठी दिलेला टॉर्कचा आकडा घर्षण आणखी कमी करणारे मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस लावून गाठल्यास बोल्ट मर्यादेपलीकडे ताणला जातो. इंजिनच्या दुरुस्ती पुस्तिकेत सांगितलेले वंगणच आट्यांना आणि डोक्याखाली लावावे.

ठरावीक टॉर्कनंतर 90 अंशांसारख्या कोनात फिरवायचे बोल्ट बहुधा कायमचे ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात. ते उघडले की नवेच घालावेत, येथे काटकसर महागात पडते.

कॅप (रॉडच्या टोकाचा बोल्टने बसणारा सुटा अर्धा भाग) आणि रॉडवरील खुणा जुळवून दोन्ही बोल्ट आलटून पालटून, टप्प्याटप्प्याने आवळावेत. जोर वाढत नसताना बोल्ट मऊ लागल्यासारखा फिरत राहिला, तर हात तत्काळ थांबवावा. असा बोल्ट काढून आटे पाहिल्यास त्यांच्यातील अंतर एका जागी किंचित वाढलेले आणि दांडा तेथे बारीक झालेला आढळतो.